दक्षिण ध्रुवावरून वैश्विक किरण कसे मोजतात? ध्रुवच का, आणि त्यातून नेमकं काय कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आइसक्यूब हा दक्षिण ध्रुवावरचा शोधक न्यूट्रिनोंसाठी (विद्युतभार नसलेल्या, क्वचितच कशावर आदळणाऱ्या कणांसाठी) प्रसिद्ध आहे, मग त्यातून उच्च ऊर्जेच्या वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या भारित कणांचा, अभ्यास कसा होतो? त्यासाठी ध्रुवच का निवडला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे का? आणि हे कण वाटेत वळत वळत येत असतील, तर त्यांच्याकडून शिकण्यासारखं काय उरतं?

चुंबकीय क्षेत्राचं आधी सांगतो, कारण तो गैरसमज फार पसरलेला आहे. ध्रुवीय प्रकाश दिसतो तिथे विद्युतभारित कण जास्त येतात, हे खरं. पण ती गोष्ट कमी ऊर्जेच्या कणांची. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं क्षेत्र साधारण १५ जीईव्हीपेक्षा (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट) कमी ऊर्जेच्या प्रोटॉनना वरच्या वर परतवतं आणि ध्रुवाकडे जाताना हा अडसर जवळपास नाहीसा होतो. सूर्यावरच्या स्फोटातून आलेले कण ध्रुवावर सहज टिपता येतात ते याचमुळे. १३ डिसेंबर २००६ च्या सौरघटनेत आइसक्यूबच्या पृष्ठभागावरच्या बर्फाच्या टाक्यांचे (त्यांचं वर्णन पुढे येतं) मोजणीचे आकडे वाढलेले स्पष्ट दिसले, तेव्हा शोधकाचं बांधकाम अजून चालूच होतं. पण आपण इथे बोलतोय ते एक पीईव्ही (पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दहा लाख जीईव्ही) आणि त्यावरच्या कणांबद्दल. इतक्या ऊर्जेच्या कणाला पृथ्वीचं क्षेत्र अडवू शकत नाही. ते कण ध्रुवावर जितके पडतात तितकेच विषुववृत्तावर.

ध्रुव निवडला तो बर्फासाठी आणि उंचीसाठी. अमुंडसेन-स्कॉट तळ समुद्रसपाटीपासून २८३५ मीटरवर आहे आणि त्याखाली जवळपास तेवढाच जाड बर्फ आहे. शिवाय तिथे वर्षभर माणसं राहतात, वीज आहे, उन्हाळ्यात विमानं उतरतात. न्यूट्रिनोंसाठी हवा होता प्रचंड आकाराचा, काळोखा, पारदर्शक पदार्थ, आणि तो तिथे आयता मिळाला. वैश्विक किरणांच्या अभ्यासकांना मात्र एक अशी सोय मिळाली जी दुसरीकडे जवळपास कुठेच नाही: एकच घटना जमिनीवरही मोजायची आणि दीड किलोमीटर खालीही. माझ्या मते या शोधकाची खरी ताकद या दुहेरी मोजणीत आहे. पुढे जे सांगतो ते सगळं इथूनच निघतं.

आता हे कण थेट का मोजत नाहीत ते पाहू. व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि उंचीबरोबर आयनीभवन वाढतं हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून बलून आणि पुढे उपग्रह हा थेट मोजणीचा मार्ग झाला. तो उत्तम आहे. कणाचा विद्युतभार, ऊर्जा, सगळं हातात येतं. पण ऊर्जा वाढते तशी कणांची संख्या भराभर घटते. एक पीईव्हीच्या थोडं वर गेलं की एका चौरस मीटरवर वर्षाला एखादाच कण पडतो. काही हजार पीईव्हीपर्यंत गेलात तर एका चौरस किलोमीटरवर वर्षाला एक. अवकाशात एवढा मोठा शोधक नेता येत नाही. म्हणून वातावरणालाच शोधकाचा भाग करायचा. कण हवेतल्या अणुकेंद्रकावर आदळतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुन्हा आदळतात, आणि जमिनीपर्यंत लाखो कणांचा वर्षाव पोचतो. आपण तो वर्षाव मोजतो आणि उलट गणित मांडून मूळ कणाची ऊर्जा आणि त्याचं वस्तुमान शोधतो. सगळी अडचण या ‘उलट गणितात’ आहे.

उंचीचा फायदा इथेच होतो. ध्रुवावर डोक्यावरच्या हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६९० ग्रॅम आहे, समुद्रसपाटीला तो हजाराच्या वर असतो. काही पीईव्हीच्या वर्षावात कणांची संख्या शिखरावर पोचते ती साधारण याच्या थोडीशी वर. म्हणजे ध्रुवावर आपण वर्षावाला ऐन भरात असताना गाठतो. समुद्रसपाटीवर तो ओसरत असतो आणि ओसरणाऱ्या वर्षावात घटनेगणिक चढउतार फार असतात: पहिली टक्कर जरा वर झाली की जरा खाली, एवढ्यानेच कणसंख्या कितीतरी बदलते. शिखराजवळ हा फरक मावळतो, त्यामुळे ऊर्जेचा अंदाज बराच पक्का येतो.

बर्फाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आइसक्यूबच्या आधी अमांडा नावाचा प्रयोग होता. १९९३-९४ च्या हंगामात त्याचे पहिले शोधक ८०० ते १००० मीटर खोलीवर सोडले गेले. तिथला बर्फ अपेक्षेपेक्षा अधिक पारदर्शक निघाला, प्रकाश फार शोषला जात नव्हता. पण त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे होते आणि प्रकाश इतका विखुरत होता की कण कुठून आला हे सांगणंच अशक्य. उपाय बर्फातच होता, आणखी खाली. साधारण १४०० मीटरच्या खाली दाब इतका असतो की बुडबुड्यांतली हवा बर्फाच्या स्फटिकरचनेत सामावून जाते आणि बुडबुडे उरत नाहीत. आइसक्यूबचे शोधक १४५० मीटरपासून सुरू होतात ते यामुळे. तरी बर्फ सगळीकडे एकसारखा नाही. दोन किलोमीटरच्या आसपास धुळीचा एक थर आहे, तिथे प्रकाश जास्त शोषला जातो आणि प्रत्येक विश्लेषणात त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

यंत्रणा अशी आहे. गरम पाण्याच्या झोताने बर्फात अडीच किलोमीटर खोल भोकं पाडली, प्रत्येकात एक केबल सोडली, प्रत्येक केबलवर ६० काचेचे गोल. अशा ८६ केबल, एकूण ५१६० गोल, दोन केबलमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १२५ मीटर. प्रत्येक गोलात प्रकाशाचा एक-एक कण टिपणारी दहा इंची फोटोमल्टिप्लायर ट्यूब आणि तिचे इलेक्ट्रॉनिक्स. हे काम डिसेंबर २०१० मध्ये पुरं झालं. वर, पृष्ठभागावर, याच केबलींच्या तोंडाशी ‘आइसटॉप’ आहे: एक चौरस किलोमीटरवर पसरलेली ८१ केंद्रं, प्रत्येक केंद्रात एकमेकांपासून दहा मीटरवर दोन टाक्या.

टाकी जवळून पाहिली तर साधी वस्तू आहे. १.८ मीटर व्यासाचं प्लास्टिकचं गोल पात्र, आत पांढरं परावर्तक अस्तर, त्यात ९० सेंटिमीटर उंचीचा स्वच्छ बर्फ. तो बर्फ जागेवरच गोठवलेला आहे, आणि घाईने नाही: पाण्यातली हवा काढत काढत, वरून खाली, कित्येक आठवडे. घाई केली तर बुडबुडे राहतात किंवा बर्फाला तडा जातो. वरून दोन शोधक-गोल खाली तोंड करून अर्धे बर्फात रुतलेले. एकाची संवेदनशीलता जास्त ठेवलेली, दुसऱ्याची खूप कमी. वर्षावाच्या गाभ्याजवळ टाकीत इतका प्रकाश होतो की पहिला गोल भरून जातो, तेव्हा दुसरा कामाला येतो.

मोजमापाचं एककही निसर्गाकडूनच घेतलं आहे. प्रत्येक टाकीतून इकडचे तिकडचे एकटे-दुकटे म्युऑन (वर्षावात तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) सतत जात असतात. सरळ उभ्या जाणाऱ्या एका म्युऑनने टाकीत जितका प्रकाश होतो ते एक एकक. प्रत्येक टाकीचं अस्तर, बर्फ, ट्यूब थोडी वेगळी असली तरी म्युऑन सगळीकडे तेच, म्हणून सगळ्या टाक्या एका मापात येतात. हे अंशांकन नियमितपणे होत राहतं, त्यासाठी वेगळं काही पाठवावं लागत नाही.

आता एक घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा दहा पीईव्हीचा एक प्रोटॉन उभ्या दिशेपासून वीस अंश कलून आला. बऱ्याच उंचीवर त्याची पहिली टक्कर झाली. तिथून निघालेले पायॉन नावाचे अल्पायुषी कण दोन वाटांनी जातात. विद्युतभार नसलेले पायॉन तत्काळ गॅमा किरणांत मोडतात आणि त्यांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची साखळी सुरू होते. भारित पायॉन एकतर पुन्हा आदळतात, नाहीतर म्युऑनमध्ये मोडतात. जमिनीवर पोचतो तो जवळपास प्रकाशाच्या वेगाने येणारा कणांचा एक पातळ, किंचित वाकलेला पडदा. तो कललेला असल्यामुळे एक किलोमीटरचं मैदान पार करायला त्याला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. टाक्या एकामागोमाग एक पेटत जातात. त्यांच्या वेळा काही नॅनोसेकंदांपर्यंत अचूक कळतात, आणि त्या वेळांवरून दिशा निघते, एका अंशाच्या आतल्या अचूकतेने.

मग आकार. गाभ्याजवळ सिग्नल प्रचंड, दूर जाताना झपाट्याने कमी. या उताराला वक्र बसवतात आणि गाभ्यापासून १२५ मीटर अंतरावर सिग्नल किती असेल ते वाचतात. १२५ का? कारण केंद्रांमधलं अंतरच तेवढं असल्याने तिथे वक्र सर्वांत नीट बांधलेला असतो. जवळजवळ उभ्या वर्षावात तिथे एक एकक सिग्नल मिळाला तर ऊर्जा सुमारे एक पीईव्ही. आपल्या उदाहरणात तो दहाच्या थोडा वर येईल.

एवढ्यावर बहुतेक जमिनीवरच्या शोधकांचं काम संपतं. इथे घटना चालूच राहते. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण बर्फाच्या पहिल्या काही मीटरमध्येच जिरतात. कमी ऊर्जेचे म्युऑन शेकडो मीटर जातात आणि थांबतात. पण ज्यांची ऊर्जा सुमारे ४०० जीईव्हीच्या वर होती ते म्युऑन दीड किलोमीटर बर्फ पार करून खालच्या शोधकात उतरतात, पृष्ठभागानंतर साधारण पाच मायक्रोसेकंदांनी. ते सगळे एकमेकांपासून काही दशक मीटरच्या आत, एका जुडीत असतात. बर्फात त्यांचा वेग तिथल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे चेरेनकोव्ह प्रकाशाचा निळसर शंकू पडतो आणि गोल तो टिपतात. जुडीत म्युऑन किती, हे एकेक मोजता येत नाही, ते फार जवळ असतात. पण जुडी दर मीटरला किती ऊर्जा गमावते हे मोजता येतं, आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. मध्येच एखादा म्युऑन मोठा धक्का देऊन एकदम बरीच ऊर्जा सोडतो, तेही झटके मोजतात.

आता खरा मुद्दा. तोच दहा पीईव्हीचा कण प्रोटॉन नसून लोहाचं अणुकेंद्रक असता तर? त्यात ५६ प्रोटॉन-न्यूट्रॉन आहेत, त्यामुळे ऊर्जा ५६ जणांत वाटली जाते. हवेत ते केंद्रक फुटतं आणि ढोबळमानाने ५६ लहान वर्षाव एकाच वेळी चालू होतात. प्रत्येकातले पायॉन कमी ऊर्जेचे, म्हणून पुन्हा आदळण्याऐवजी मोडण्याची शक्यता जास्त, म्हणून म्युऑन जास्त. जाडसर सूत्राने हिशेब केला तर ५०० जीईव्हीच्या वरचे म्युऑन प्रोटॉनच्या वर्षावात पन्नासेक निघतात, लोहाच्या वर्षावात सव्वाशे-दीडशेच्या घरात. अडीच पटींहून जास्त फरक. पृष्ठभागावरच्या कमी ऊर्जेच्या म्युऑनांत हाच फरक दीडपटीच्या आसपास राहतो. आणि पृष्ठभागावरचा इलेक्ट्रॉन-गॅमाचा सिग्नल? वर्षाव शिखराजवळ असल्यामुळे तो दोघांचा बराचसा सारखा. म्हणजे वरच्या टाक्या मुख्यतः ऊर्जा सांगतात, खालची जुडी मुख्यतः वस्तुमान सांगते. दोन आकडे, दोन अज्ञातं.

प्रत्यक्षात हे इतकं स्वच्छ सुटत नाही, कारण दोन्ही आकडे दोन्ही अज्ञातांवर थोडे थोडे अवलंबून असतात. म्हणून पृष्ठभागाचा सिग्नल, कल, बर्फातला ऊर्जाऱ्हास आणि झटक्यांची संख्या एकत्र न्यूरल नेटवर्कला देतात. ते ऊर्जा आणि वस्तुमानाचा अंदाज देतं, आणि मग हायड्रोजन, हेलियम, ऑक्सिजन, लोह अशा चार गटांचं मिश्रण बसवतात. एकेका घटनेबद्दल ‘हा लोहच होता’ असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. हजारो घटनांच्या वितरणावरून प्रमाण सांगता येतं, तेवढंच. आणखी एक मर्यादा: वर्षाव टाक्यांमधूनही जायला हवा आणि त्याची जुडी खालच्या शोधकातूनही. त्यामुळे फक्त बऱ्यापैकी उभे वर्षाव उपयोगी पडतात आणि घटनांची संख्या बरीच घटते.

याने कळलं काय? वैश्विक किरणांच्या ऊर्जा-वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती कण येतात त्याच्या आलेखात) तीन-चार पीईव्हीपाशी एक वाकण आहे, त्याला गुडघा म्हणतात. तिथून पुढे संख्या अधिक वेगाने घटते. आइसटॉपने २०१३ मध्ये दिलेल्या वर्णपटात गुडघ्याच्या आधी घातांक (संख्या किती वेगाने घटते ते सांगणारा आकडा) सुमारे २.६५ आहे आणि नंतर ३.१४. हे अपेक्षित होतं. पण पुढे १८ पीईव्हीपाशी घातांक पुन्हा २.९ पर्यंत सौम्य होतो आणि १३० पीईव्हीच्या आसपास परत तीव्र होतो. गुडघा आणि त्यावरचा घोटा (काही हजार पीईव्हीपाशी असलेलं दुसरं वाकण) यांच्यामध्ये एक सरळ रेष आहे असं समजण्याचे दिवस त्यामुळे संपले. वस्तुमानाच्या बाजूने, गुडघ्यापासून साधारण १०० पीईव्हीपर्यंत मिश्रण जड होत जातं.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचा, म्हणजे अर्थ लागतो. चुंबकीय क्षेत्र कणाला किती वळवतं हे ऊर्जेला विद्युतभाराने भागून ठरतं. आपल्या आकाशगंगेतला एखादा प्रवेगक (कणांना चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवून ऊर्जा देणारा स्रोत) प्रोटॉनला तीन-चार पीईव्हीपर्यंतच नेऊ शकत असेल, तर २६ पट भार असलेल्या लोहाला तो त्याच्या २६ पट, म्हणजे १०० पीईव्हीच्या आसपास नेईल. आधी हलके कण संपतात, मग जड. जर्मनीतल्या कास्केड-ग्रांदे प्रयोगाने २०११ मध्ये जड कणांचा स्वतंत्र गुडघा ८० पीईव्हीपाशी दाखवला, तोही याच चित्रात बसतो. मला हे चित्र बहुतांशी बरोबर वाटतं. पण १८ पीईव्हीनंतरचा सौम्यपणा एकाच प्रकारच्या स्रोतांनी समजावता येत नाही असं माझं मत आहे. तिथे दुसरा कुठला तरी घटक वर येतोय.

आता उलट गणिताच्या अडचणीकडे येतो, कारण या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ‘इतके म्युऑन म्हणजे इतकं वस्तुमान’ हे आपल्याला कोण सांगतं? संगणकावर वर्षाव घडवणारे कार्यक्रम, आणि त्यांच्या पोटात टक्करींची प्रतिमानं: सिबिल, क्यूजीएसजेट, इपॉस. एलएचसी या जिनिव्हाजवळच्या मोठ्या कण-प्रवेगकातल्या १३ टीईव्हीच्या (टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हजार जीईव्ही) टकरी स्थिर लक्ष्याच्या हिशेबात सुमारे ९० पीईव्हीच्या कणाएवढ्या होतात, म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने आपण तिथे उघड्यावर नाही. पण वर्षाव घडवतात ते टकरीतून सरळ पुढे जाणारे कण, आणि ते तिथे नळीतूनच निघून जातात, शोधकांत फारसे दिसत नाहीत. त्यामुळे प्रतिमानांना तिथे अंदाज बांधावे लागतात.

त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. आइसटॉपमध्ये वर्षावाच्या गाभ्यापासून ६०० ते ८०० मीटरवरच्या टाक्यांत इलेक्ट्रॉन क्वचित, म्युऑन एकटे येतात आणि त्यांचा एक-एककाचा ठसा ओळखू येतो. त्यावरून कमी ऊर्जेच्या म्युऑनांची घनता काढली. एलएचसीच्या आधीच्या सिबिल २.१ शी ती घनता वस्तुमानाच्या इतर मोजण्यांसकट जुळते. एलएचसीनंतर सुधारलेल्या इपॉस आणि क्यूजीएसजेटमध्ये म्युऑन जास्त निघतात, त्यामुळे तीच घनता त्यांच्या मते हलक्या कणांची ठरते, आणि खालच्या जुडीवरून येणारं उत्तर वेगळं. एकाच वर्षावातले कमी ऊर्जेचे आणि जास्त ऊर्जेचे म्युऑन एकाच वेळी जुळवून दाखवणारं प्रतिमान आज आपल्या हातात नाही. उलट आर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेत, कितीतरी वरच्या ऊर्जेला, प्रतिमानांच्या अपेक्षेपेक्षा म्युऑन जास्त दिसतात. हे कोडं सुटलेलं नाही आणि ते सोडवण्यासाठी दुहेरी मोजणीसारखं दुसरं साधन मला दिसत नाही. म्हणून कोणी ‘वस्तुमान इतकं’ असा आकडा सांगितला की लगेच विचारा: कोणत्या प्रतिमानाने?

दुसरी अडचण अगदी ऐहिक आहे: हिम. टाक्या बसवल्या तेव्हा त्यांचं तोंड पृष्ठभागाशी समतल होतं. ध्रुवावर हिम पडतं थोडं, पण वारा ते वाहून आणतो आणि ते वितळत कधीच नाही. दरवर्षी सरासरी वीसेक सेंटिमीटर थर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही. इमारतींच्या आडोशाला जास्त. या थरात इलेक्ट्रॉन-गॅमाचा भाग जिरतो. ऱ्हासाची लांबी दोन-सव्वादोन मीटर धरली, तर दीड मीटर हिमाखाली तो सिग्नल निम्म्यावर येतो. म्हणजे दुरुस्ती केली नाही तर तीच घटना दहा वर्षांनी कमी ऊर्जेची दिसेल, वर्णपट सरकेल, आणि म्युऑनांचं प्रमाण वाढल्यासारखं वाटून मिश्रण जड भासेल. म्हणून हिमाची उंची प्रत्यक्ष जाऊन मोजतात, आणि मधल्या काळात अंशांकनाच्या आलेखात म्युऑनचा उंचवटा आणि इलेक्ट्रॉनचा भाग यांच्या गुणोत्तरावरून तिचा माग ठेवतात. शिवाय एकच ऱ्हास-लांबी सगळ्या वर्षावांना, सगळ्या अंतरांना लावणं हे मुळात ढोबळ आहे, कारण गाभ्याजवळच्या आणि दूरच्या कणांचं मिश्रण वेगळं असतं. अभ्यासाला विषय हवा असेल तर हा छोटा, नीट आखलेला आणि खरोखर गरजेचा विषय आहे.

वातावरणही स्थिर नसतं. उन्हाळ्यात वरची हवा तापून विरळ होते, पायॉनना आदळायला कमी आणि मोडायला जास्त वाव मिळतो, आणि खोल बर्फात पोचणारे म्युऑन वाढतात. हिवाळ्यात उलट. वर्षभरात हा दर सरासरीच्या वर-खाली आठ-दहा टक्के हलतो. वरच्या थरांच्या तापमानाशी त्याचं नातं इतकं घट्ट आहे की म्युऑनच्या दराचा आलेख पाहून स्ट्रॅटोस्फिअरमधला ऋतू ओळखता येतो.

राहिला शेवटचा प्रश्न, दिशेचा. एक पीईव्हीचा प्रोटॉन आकाशगंगेतल्या साधारण तीन मायक्रोगॉसच्या क्षेत्रात फिरतो तेव्हा त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे एक प्रकाशवर्ष असते. सर्वांत जवळचे संभाव्य स्रोतसुद्धा याच्या शेकडो पट दूर. म्हणजे कण ज्या दिशेने आला तिकडे बोट दाखवून ‘स्रोत तिथे आहे’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तरीही दिशा पूर्णपणे पुसली जात नाही. काही दशक टीईव्हीच्या पातळीवर आकाशाच्या एका बाजूने दुसरीपेक्षा हजारात एखादा कण जास्त येतो. एवढा फरक पकडायला घटना अफाट लागतात आणि इथे खालचा शोधक एकटाच कामाला येतो: त्यातून दर सेकंदाला अडीच ते तीन हजार म्युऑन-घटना नोंदल्या जातात. न्यूट्रिनोवाल्यांना ती अडगळ, आपल्याला तीच सामग्री. बारा वर्षांच्या नोंदीत अशा जवळपास ७९,२०० कोटी घटना वापरून हा नकाशा काढला आहे. त्यातली लक्ष वेधणारी बाब म्हणजे १०० ते ३०० टीईव्हीच्या दरम्यान जास्तीची बाजूच बदलते, नकाशा जवळपास उलटा होतो. यामागे जवळचे स्रोत आहेत की आसपासच्या चुंबकीय क्षेत्राची रचना, यावर अजून वाद आहे. मला दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा वाटतो.

ध्रुवाची जागा इथे खरोखर उपकारक ठरते. तिथे आकाश उगवत-मावळत नाही, फक्त डोक्याभोवती फिरतं. प्रत्येक तारा कायम त्याच उंचीवर राहतो, म्हणून शोधकाचा प्रत्येक कोन दिवसभरात सगळं वर्तुळ पाहून होतो. रोजच्या दिवस-रात्रीमुळे होणारा हवेचा चढउतारही जवळपास नाही, कारण वर्षात दिवस एक आणि रात्र एक. त्याची किंमतही आहे: फरकाचा उत्तर-दक्षिण भाग तिथून दिसतच नाही, आणि उत्तरेकडचं आकाश पाहायला मेक्सिकोतल्या हॉकसारख्या शोधकाची जोड घ्यावी लागते. हे मोजमाप विश्वासार्ह आहे का, याच्या दोन चाचण्या आहेत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, त्यामुळे समोरून येणारे कण दहा हजारांत चार-पाच जास्त दिसायला हवेत, आणि ते तसे दिसतात. दुसरी, चंद्र: तो वैश्विक किरण अडवतो, म्हणून त्याच्या अर्ध्या अंशाच्या चकतीच्या जागी कणांची तूट दिसायला हवी. ती बरोबर चंद्राच्या जागीच मिळते, त्यावरून दिशेची मापं बरोबर आहेत हे कळतं.

स्रोत थेट दाखवण्याचं काम मात्र न्यूट्रिनोच करतात, कारण ते वळत नाहीत. वैश्विक किरण स्रोताजवळच्या वायूवर किंवा प्रकाशावर आदळले की न्यूट्रिनो निघतातच. २०१३ मध्ये आइसक्यूबने बाहेरून आलेल्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पहिला पुरावा दिला, २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून येणारे आणि २०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो दाखवले. तेव्हा आइसक्यूबमध्ये वैश्विक किरणांचा अभ्यास हा जोडधंदा आहे असं समजू नका. एकाच प्रश्नाची ती दोन टोकं आहेत.

पुढे काय चाललं आहे तेही सांगतो, कारण तुम्ही आता सुरुवात केलीत तर तेच तुमच्या हाती येईल. हिमावर उपाय म्हणून टाक्यांच्या मैदानात उंचावता येणाऱ्या चौकटींवर सिंटिलेटर पट्ट्या (कण गेला की चमकणाऱ्या) आणि रेडिओ अँटेना बसवण्याची योजना आहे. असं एक प्राथमिक केंद्र २०२० पासून तिथे वर्षाव टिपतं आहे. हिम चढलं की चौकट वर घ्यायची. रेडिओचा फायदा वेगळाच: वर्षावातले इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वेगळे होताना रेडिओ लहर सोडतात आणि तिच्या आकारावरून वर्षावाचं शिखर किती उंचीवर होतं हे कळतं. शिखराची उंची वस्तुमानावर अवलंबून असते आणि तिला म्युऑनांची गरज पडत नाही. एकाच घटनेत वस्तुमान शिखरावरून काढायचं, आणि मग म्युऑन किती हवे होते ते कमी ऊर्जेचे टाक्यांत आणि जास्त ऊर्जेचे खोल बर्फात तपासायचे. प्रतिमान चुकतं ते नेमकं कुठे, हे त्याने सांगता येईल. तयारी म्हणून वर्षावाच्या संगणकीय प्रतिकृती स्वतः चालवून पाहा: तीच ऊर्जा, प्रोटॉन आणि लोह, दोन वेगळी प्रतिमानं, आणि म्युऑनांची मोजणी एकदा एक जीईव्हीच्या वर, एकदा ५०० जीईव्हीच्या वर.